स्वेच्छेने पत्करलेले संकट आणि मनुष्यऋण

दूरच्या महासागरात एकट्याने शिडाची नौका हाकणाऱ्या माणसाने जे संकट आपण होऊन पत्करले, त्यातून त्याला सोडवण्यासाठी इतरांनी आपले प्राण आणि समाजाचे धन पणास लावावे काय, हा प्रश्न वरकरणी खर्चाचा वाटला तरी मुळात तो धर्माचा, म्हणजे कोणाचे कोणाप्रती काय कर्तव्य आहे याचा आहे.

या प्रश्नाच्या एका बाजूचा निकाल कायद्याने पूर्वीच दिला आहे. समुद्रावरील जीवितरक्षणाचा १९७४ चा करार, जो ‘सोलास’ या संक्षेपाने ओळखला जातो, संकटाची वार्ता मिळालेल्या प्रत्येक जहाजाच्या कप्तानावर शक्य असेल तर मदतीस धावण्याचे बंधन घालतो. १९७९ च्या शोध व बचाव कराराने हे कर्तव्य राष्ट्रांवरही सोपवले, आणि ते पार पाडताना संकटग्रस्ताचे राष्ट्रीयत्व, त्याचा दर्जा किंवा तो ज्या परिस्थितीत सापडला ती परिस्थिती, यांपैकी कशाचाही विचार करू नये असे ठरवले. माणूस पोटासाठी समुद्रावर गेला की हौसेसाठी, हा प्रश्न वाचवणाऱ्याने विचारायचा नाही, हे त्यातून ओघानेच येते.

या कर्तव्याचा आवाका एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत दिसला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ नौकेतून १९६८-६९ मध्ये एकट्याने आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. त्या प्रदक्षिणेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या शर्यतीत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी हे ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौका उलटून डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत झाल्याने त्यांना हालचाल करणे अशक्य झाले. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रे हाती घेतली, भारतीय नौदलाच्या विमानाने मॉरिशसहून उड्डाण करून नौकेचा ठावठिकाणा लावला, आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजाने त्यांना सोडवले.

या शर्यतीच्या नियमांतच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे. स्पर्धकांनी १९६८ च्या काळातील साधनांनीच, म्हणजे सूर्य व तारे यांची उंची मोजणाऱ्या सेक्स्टंट यंत्राने, मार्ग शोधायचा असतो; परंतु उपग्रहामार्फत आपले स्थान कळवणारे आपत्कालीन संकेतयंत्र मात्र प्रत्येक नौकेवर असलेच पाहिजे. म्हणजे ज्या एकांताची साधना केली जाते, त्याच्या पाठीशी अनेक देशांची विमाने, जहाजे आणि रात्रंदिवस जागी असलेली केंद्रे उभी असतात. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये केवळ स्वतःपुरते असलेले कृत्य आणि इतरांना बाधणारे कृत्य असा जो भेद केला, तो येथे टिकत नाही, कारण संकेत निघताच एकाचे साहस अनेकांची जोखीम बनते.

यावर दोन उपाय सुचवले जातात. पहिला उपाय नाविकाने मदतीवरचा हक्कच सोडण्याचा होय, आणि एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीचे प्रवर्तक ब्लाँडी हॅस्लर यांच्या नावावर याच अर्थाचे मत सांगितले जाते. हा विचार तेजस्वी असला तरी अपुरा आहे, कारण वाचवण्याचे कर्तव्य संकटग्रस्ताच्या हक्कातून उपजलेले नसून वाचवणाऱ्याच्या माणुसकीतून उपजलेले असते, आणि म्हणून एकाने हक्क सोडल्याने दुसऱ्याचे कर्तव्य सुटत नाही. दुसरा उपाय खर्च वसूल करण्याचा. परंतु देयकाच्या धास्तीने संकेत उशिरा दिला गेला तर बचाव अधिकच धोक्याचा होतो, आणि जो नियम धनिक हौशी नाविकाला सोसतो तो गरीब मच्छीमाराला बुडवतो. शिवाय वादळात उतरलेल्या खलाशाच्या जिवाची जोखीम पैशाने फिटत नाही.

मोबदल्याच्या भाषेत न सुटणारा हा प्रश्न ऋणाच्या कल्पनेने अधिक नीट समजतो. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचे ऋणही सांगितले आहे, म्हणजे माणूस जन्मतःच इतर माणसांचा देणेकरी असतो. महाजनक जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या कथांपैकी एकीत, नाव बुडू लागताच इतर प्रवासी आक्रोश करतात, तर महाजनक साखर-तूप खाऊन, वस्त्रे तेलात भिजवून ती घट्ट नेसून डोलकाठीवर चढतो आणि मग सात दिवस किनारा दिसत नसतानाही पोहत राहतो. समुद्ररक्षक देवी मणिमेखला या निष्फळ धडपडीचे कारण विचारते तेव्हा, प्रयत्नांत कसूर न करणारा माणूस नातलग, देव आणि पितर यांच्या ऋणातून मोकळा होतो, अशा आशयाचे उत्तर तो देतो. रक्षण हे देवीचे नेमून दिलेले कामच होते, त्यामुळे त्याच्या प्रयत्नाने तिची कृपा विकत घेतली असे म्हणता येत नाही. त्याने केवळ स्वतःचा वाटा पूर्ण केला.

हाच निकष नाविकाला लागू होतो. भक्कम नौका, पुरेसा सराव, दुरुस्तीचे ज्ञान आणि स्वतःचे सर्व उपाय थकण्यापूर्वी मदत न मागण्याचा, परंतु खरोखर थकल्यावर ती मागण्यास विलंब न लावण्याचा विवेक, ही या ऋणाची प्रस्थानापूर्वीची फेड होय. नंतरची फेड वाचवणाऱ्यालाच करावी लागते असे नाही. ती पुढच्या संकटग्रस्ताकडेही वळते. २०१८ मध्ये स्वतःची डोलकाठी गमावलेले आयरिश नाविक ग्रेगर मॅकगकिन टॉमींच्या दिशेने नौका हाकत होते, आणि पुढच्या शर्यतीत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, स्पर्धक किर्स्टन नॉयशेफर यांनी आपला मार्ग सोडून, नौका बुडालेले सहस्पर्धक टापिओ लेहटिनेन यांना तराफ्यातून उचलले.

तेव्हा बचाव बिनशर्त असावा आणि त्याचे देयक वाचलेल्याच्या हाती देऊ नये. मात्र जो पूर्वतयारीत कसूर करून केवळ संकेतयंत्राच्या भरवशावर समुद्रात उतरतो, तो कायद्याने निर्दोष ठरला तरी धर्मदृष्ट्या ऋणकोच राहतो.