कोवळ्या वयाचा विक्रम

पराक्रमाची नोंद ठेवावी की न ठेवावी, हा प्रश्न प्रौढ माणसाच्या बाबतीत सहसा कोणी विचारीत नाही. तो आपल्या बुद्धीने रिंगणात उतरलेला असतो. कीर्ती मिळाली तर ती त्याने कमावलेली, आणि पुढे ती ओसरली तर तेही त्याने पत्करलेले. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा पराक्रम जेव्हा राष्ट्रीय संस्थेच्या दप्तरात चढतो, वर्तमानपत्रे तो छापतात आणि त्याबद्दल ढाली व पदके अर्पण होतात, तेव्हा ही नोंद नेमकी कोणाच्या खात्यावर पडते, असा प्रश्न उत्पन्न होतो. तो केवळ क्रीडांगणावरचा नाही. ज्या ज्या घरात मुले वाढत आहेत, त्या प्रत्येक घराचा तो आहे.

उदाहरण जर्मनीचे घेऊ, कारण तेथे ही गोष्ट फार पद्धतशीरपणे झालेली आहे. त्या देशात १९ वर्षांखालील मुलांचे राष्ट्रीय फुटबॉल अजिंक्यपद १९६९ पासून आणि १७ वर्षांखालील मुलांचे १९७७ पासून दिले जाते. २००३ साली थोरल्यांची आणि २००७ साली धाकट्यांची नियमित लीग सुरू झाली. देशाचे तीन विभाग करून वर्षभर सामने खेळावयाचे, आणि विभागांतील अग्रेसर संघांनी शेवटी अजिंक्यपदासाठी झुंजावयाचे, अशी ही रचना. सन्मान संघाचे होते तसे व्यक्तीचेही. डॉर्टमुंडच्या थोरल्या मुलांनी १९९४ पासून १९९८ पर्यंत सलग पाच वेळा अजिंक्यपद मिळवले, ही गोष्ट तेथील क्रीडाप्रेमी आजही अभिमानाने सांगतात. १९५४ च्या विश्वविजेत्या संघाचा नायक फ्रिट्झ वाल्टर याच्या नावाचे पदक २००५ पासून होतकरू खेळाडूंस देण्यात येते. मारिओ ग्योत्झे यास ते सुवर्णपदक २००९ व २०१० अशी दोन वर्षे लागोपाठ मिळाले, आणि २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्यानेच केला. अशा एका उदाहरणाने सगळी पदके खरी ठरल्यासारखी वाटतात. ज्यांची नावे पदकानंतर पुन्हा ऐकू आली नाहीत, त्यांची मोजदाद करण्यास कोणी बसत नाही.

याच लीगमध्ये २०१७ साली युसूफा मुकोको नावाचा मुलगा डॉर्टमुंडकडून खेळू लागला. कॅमेरूनमधील याउंदे येथे २० नोव्हेंबर २००४ रोजी जन्मलेला हा मुलगा तेव्हा अवघा बारा वर्षांचा, आणि भोवतालचे खेळाडू पंधरा-सोळा वर्षांचे. पहिल्या वर्षी त्याने २८ सामन्यांत ४० गोल केले, दुसऱ्या वर्षी २५ सामन्यांत ४६. पुढे थोरल्यांच्या लीगमध्येही २० सामन्यांत ३४. आकडे एवढे मोठे झाले की ते वाचून आनंद होण्याऐवजी लोकांच्या मनात संशय येऊ लागला, आणि मुलाच्या वयाचीच चर्चा वर्षानुवर्षे चालली. ऑक्टोबर २०२० मध्ये शाल्क संघाविरुद्धच्या मुलांच्या सामन्यात या पंधरा वर्षांच्या खेळाडूस प्रेक्षकांपैकी काहींनी अतिशय हीन शिव्या आणि धमक्या दिल्या. शाल्क संघाला त्याबद्दल माफी मागावी लागली. त्याच वर्षी जर्मन व्यावसायिक लीगने खेळाडूच्या किमान वयाची मर्यादा सोळा वर्षांवर आणली होती. २१ नोव्हेंबर रोजी, म्हणजे सोळावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुकोको मोठ्यांच्या मैदानावर उतरला. एक दिवसही वाट पाहणे कोणास परवडले नाही, असे दिसते.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. इंग्रजी ‘रेकॉर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ नोंद, लिहून ठेवलेली गोष्ट. आपण त्यासाठी ‘विक्रम’ हा शब्द योजला. विक्रम म्हणजे पराक्रम, आणि धात्वर्थाने पाहिले तर टाकलेले पाऊल. त्रिविक्रम हे नाव वामनाचे. बटूच्या वेषात आलेल्या त्या मूर्तीने दोन पावलांत त्रिभुवन व्यापले आणि तिसरे पाऊल ठेवावयास जागा उरली नाही. इंग्रजी शब्द मागे पाहतो, आपला शब्द पुढचे पाऊल मागतो. लहान मुलांच्या बाबतीत सगळा घोटाळा याच ठिकाणी होतो, असे मला वाटते.

व्यापाऱ्याच्या पेढीवर पावती आणि हुंडी या दोन निराळ्या चिठ्ठ्या असतात. पावती झालेल्या व्यवहाराची. तिने कोणावर काही देणे लागू होत नाही. हुंडी मात्र पुढे वटवावयाची असते, आणि ती न वटली तर लिहिणाऱ्याची पत जाते. मुलाने केलेले ४६ गोल ही पावती आहे. ते झाले, त्या त्या दिवशी त्या त्या मैदानावर झाले. त्यांत आता उणे-अधिक होणे नाही. परंतु संघचालक, दलाल, वर्तमानपत्रे आणि क्वचित आईबापही तीच चिठ्ठी हुंडी म्हणून बाजारात फिरवतात. ‘उद्याचा विश्वविजेता’ असे तिच्यावर लिहितात, आणि खाली सही मात्र मुलाची असते. ज्या वयात कायदा त्यास शेताच्या तुकड्याचे खरेदीखतही करू देत नाही, त्या वयात त्याच्या नावाने केवढे हे देणे काढले जाते! मुकोको १८ वर्षे ३ दिवसांचा असताना २०२२ च्या विश्वचषकात जपानविरुद्ध खेळला. कोणत्याही मुलाच्या आयुष्यात ही गोष्ट सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी. तथापि त्यानंतर त्याच्याविषयी जे लिहिले गेले, त्यात वारंवार ‘अपेक्षाभंग’ हा शब्द येतो. अपेक्षा कोणी केली होती, हे मात्र लिहिणारे सांगत नाहीत.

विक्रमास आणखी एक बाजू असते, आणि तिच्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे याने १६ वर्षांखालील शालेय क्रिकेट सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ पासून टिकलेला कॉलिन्सचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२. सगळ्या देशाने पहिला आकडा पाठ केला. परंतु सूर्य डोक्यावर घेऊन ज्या मुलांनी त्या १४६५ धावांचे चेंडू आणून दिले, त्यांचीही ती नोंद आहे. मोठ्या माणसाचा पराभव त्याच्या धंद्याचा भाग असतो. शाळकरी मुलास तो दुसऱ्याच्या कीर्तीचे जोते म्हणून कायमचा चिणून ठेवणे कितपत न्याय्य आहे? डाव आधी सोडता आला असता. तो निर्णय घ्यावयास मैदानावर मोठी माणसे हजर होती.

यावर कोणी म्हणेल की मग नोंदच नको. जर्मन फुटबॉल महासंघ काही अंशी याच मार्गाने गेला आहे. २०२४ पासून अकरा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांत गुणतक्ता ठेवीत नाहीत. थोरल्या मुलांच्या दोन्ही लीगा त्याच वर्षी बंद होऊन त्यांच्या जागी ‘नाखवुक्सलीगा’ आली. या जर्मन नावात ‘मागून उगवणारे’ असा अर्थ आहे, आणि तो मला फार आवडला. प्रशिक्षणकेंद्रांच्या संघांना खालच्या श्रेणीत घसरण्याचे भय तेथे उरलेले नाही. अजिंक्यपद मात्र कायम आहे. डॉर्टमुंडचे तेव्हाचे प्रमुख हान्स-योआखिम वात्स्के यांनी २०२३ मध्ये लहान मुलांच्या या सुधारणेस उघड विरोध केला. ज्याने बालपणी हरणे अनुभवले नाही, त्यास पुढे जिंकण्याचे बळ येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. त्याच साली जर्मनीच्या १७ वर्षांखालील संघाने युरोपचे आणि जगाचेही अजिंक्यपद पटकावले, तेव्हा जुन्या पद्धतीच्या कैवाऱ्यांस मोठाच पुरावा हाती लागल्यासारखे झाले. एका वर्षाच्या फळावरून झाडाची परीक्षा करू नये हे खरे. पण वात्स्के यांचे म्हणणे मला सर्वस्वी टाकाऊ वाटत नाही. तक्ता फळ्यावरून पुसला म्हणून मुलांच्या मनातून पुसला जात नाही. आठ वर्षांची पोरे गल्लीत खेळतात तेव्हा कोणता महासंघ गोल मोजावयास येतो? तरी संध्याकाळी प्रत्येकास आपला आकडा बरोबर ठाऊक असतो.

माझा स्वतःचा धंदा शिकवण्याचा. आपल्याकडे शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी पूर्वी मोठ्या समारंभाने प्रसिद्ध होत असे. ती बंद झाली, आणि बंद झाली हे बरेच झाले. पण मंडळाने सोडलेली वही शिकवणीवर्गांनी उचलली. जून महिन्यात चौकाचौकांत जे फलक लागतात, त्यांवरील मुलांचे चेहरे पाहावेत. प्रत्येकाच्या हनुवटीखाली टक्के लिहिलेले असतात, अपूर्णांकासह. ते मुलाचे कौतुक नसते, पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकास दिलेले आमंत्रण असते. नोंद राहिली की गेली, यापेक्षा ती कोणाच्या कामास लावली गेली, हे पाहणे मला अधिक अगत्याचे वाटते. बक्षीससमारंभात मुलास ढाल द्यावी, त्याच्या मित्रांनी टाळ्या वाजवाव्यात, घरी गोडधोड व्हावे. फक्त त्या रात्री वडिलांनी पाहुण्यांसमोर त्याच्या पुढल्या दहा वर्षांचे वेळापत्रक वाचून दाखवू नये.

जून २०१९ मध्ये जर्मनीतील धाकट्या मुलांचा अंतिम सामना झाला. त्या मोसमात ४६ गोल करणारा मुलगा एका बाजूस होता. अजिंक्यपद मात्र दुसऱ्या बाजूने, कोलोन संघाने, ३–२ असे नेले. त्या विजयी संघात फ्लोरियन व्हिर्ट्झ नावाचा सोळा वर्षांचा मुलगा खेळत होता. पुढे त्याचे नाव युरोपभर झाले आणि २०२५ साली लिव्हरपूलने मोठी रक्कम मोजून त्यास नेले. मुकोको त्याच वर्षी कोपनहेगनच्या संघात दाखल झाला. त्यास तेव्हा एकविसावे वर्ष चालू होते. ज्या लीगमध्ये त्याने ते गोल केले ती आता अस्तित्वात नसल्यामुळे तिच्या वहीत नवा आकडा पडणार नाही. ते ४६ गोल मोडावयास आता कोणी येणार नाही, आणि त्याच्याकडे त्यांची बाकी मागावयाची तर तीही कोणत्या खात्यात, हे मागणाऱ्यांनाच शोधावे लागेल.