खाणारी तोंडं कमी झाली तेव्हा

आजवर ठाऊक झालेल्या प्राण्यांत सर्वांत अवजड मानला जातो तो नील देवमासा. पूर्ण वाढलेला दीडशे टनांच्या घरात भरतो. एवढा देह पोसला जातो क्रिलवर, म्हणजे कोळंबीसारख्या दिसणाऱ्या बोटभर जिवावर. क्रिलच्या दाट थव्यात तो तोंड वासून घुसतो, गळ्याखालच्या घड्या फुगतात आणि प्रचंड पाणी आत येतं. मग जिभेनं रेटून ते पाणी तोंडातल्या झालरीसारख्या पट्ट्यांमधून बाहेर काढलं जातं. क्रिल आत अडकतं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर पॅसिफिकमधल्या नील देवमाशाचा चरण्याच्या दिवसांतला आहार रोज सुमारे 16 टन निघाला.

आकडा ऐकून छाती दडपते. असे हजारो जीव एका समुद्रात चरत असतील, तर तिथं उरणार काय?

विसाव्या शतकात याचं उत्तर मिळालं, पण ते फार क्रूर मार्गानं. 1904 मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटव्हिकन इथं देवमाशांच्या शिकारीचं ठाणं उभं राहिलं. स्फोटक हारपून होतेच. पुढे भर समुद्रात देवमासा फाडून तेल काढणारी कारखाना-जहाजं आली. 1930-31 च्या एकाच हंगामात अंटार्क्टिक समुद्रात 29 हजारांच्या आसपास नील देवमासे मारले गेले. त्यांचं तेल साबणात आणि मार्गरिनमध्ये गेलं. 1966 मध्ये बंदी आली, तरी चोरटी शिकार काही वर्षं चालूच राहिली. दोन लाखांहून अधिक असलेले अंटार्क्टिकचे नील देवमासे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला काही शेकड्यांवर आले. हा संहार माणसानं शुद्धीवर राहून, हिशेब ठेवत केला, हे विसरता येत नाही.

घरातली खाणारी तोंडं कमी झाली की कणगीत धान्य उरतं. त्याच न्यायानं क्रिल उदंड वाढेल, सील आणि पेंग्विन सुखानं खातील, असा अभ्यासकांचा अंदाज होता. घडलं उलटंच. दक्षिण अटलांटिकच्या बाजूला 1970 च्या दशकानंतर क्रिल घटत गेलं. समुद्रावरचं बर्फ कमी होणं हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. दुसरं कारण मात्र थेट देवमाशापाशी येऊन थांबतं.

अंटार्क्टिक समुद्रात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, पण लोह अगदी तुटपुंजं. लोहाशिवाय सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत आणि त्या नसल्या तर क्रिल उपाशी. देवमासा खोल पाण्यात चरतो, श्वासासाठी वर येतो आणि विष्ठा टाकतो ती पृष्ठभागाजवळ, जिथं सूर्यप्रकाश पोचतो. त्या विष्ठेत लोहाचं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या सुमारे एक कोटी पट आढळलं आहे. क्रिलच्या अंगातलं लोह असं पुन्हा वनस्पतींच्या वाट्याला येतं. खाणारा हा पेरणाराही होता. आपण फक्त त्याचं खाणं मोजलं.

ही मांडणी करणाऱ्यांत व्हिक्टर स्मेटाचेक हे शास्त्रज्ञ अग्रेसर. 2009 मध्ये त्यांनी आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले वाजिह नक्वी यांनी मिळून ‘लोहाफेक्स’ ही भारत-जर्मन मोहीम नेली. ‘पोलरस्टर्न’ जहाजावरून दक्षिणेच्या समुद्रात कित्येक टन लोहक्षार सोडला. हेतू होता हवेतला कार्बन समुद्राच्या तळाशी जातो का, हे पाहण्याचा. सूक्ष्म वनस्पती वाढल्या, पण बारीक जिवांनी त्या फस्त केल्या आणि कार्बन फारसा खाली गेलाच नाही. माझ्या मते असे प्रयोग जरूर व्हावेत; पण एका मोहिमेत ओतलेलं लोह आणि हजारो देवमाशांनी वर्षानुवर्षं फिरवत ठेवलेलं लोह यांची बरोबरी होऊ शकत नाही. समुद्र सुपीक करायचा असेल, तर पहिलं काम देवमासे वाचवण्याचं आहे.

ते काम सावकाशच होणार. मादीला दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं. तरीही 2020 च्या पाहणीत दक्षिण जॉर्जियाभोवतीच्या पाण्यात, जिथं कितीतरी वर्षं नील देवमासा जवळपास दिसतच नव्हता, तिथं 55 नील देवमासे मोजले गेले.