पाठचं भावंड आणि शेजारधर्म

"भाऊ हवा की बहीण?" जिन्यात भेटेल तो माझ्या पावणेतीन वर्षांच्या लेकीला सध्या हाच प्रश्न विचारतो. लहान मूल बोलतं ते खरं होतं, ही समजूत मुलुंडच्या टॉवरांतही शाबूत आहे, मग आमच्या तीन मजली भाड्याच्या इमारतीची काय कथा. गेल्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं तेव्हा लेकीच्या डोक्यात बेकरी होती. ती म्हणाली, "खारी." आजींनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "ती खारी. म्हणजे मुलगीच." गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 साली कायदा केला, केंद्राच्या कायद्याआधी सहा वर्षं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तशी पाटीही असते. व्याकरणावरून निदान करायला मात्र अजून कुणी बंदी घातलेली नाही.

या प्रश्नाचं मला काही वाटत नाही. बोचतं ते त्याच्यामागून हमखास येणारं वाक्य: "बरं केलंस हो, तिला सोबत झाली."

सातवा महिना चालू आहे. पहिल्या खेपेला याच सुमारास डोहाळजेवण होऊन फुलांच्या वाडीतले फोटो निघाले होते. या खेपेला लोहाची गोळी घेतली का, एवढंही आठवण करून द्यायला कुणी नसतं. मांडी जवळजवळ नाहीशी झाली आहे. लेक जिथे बसायची तिथे आता पोट आहे, म्हणून ती गुडघ्यांवर बसते आणि घसरते. उचलायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. संध्याकाळी संभाजी मैदानावरून परतताना ती "कडेवर" म्हणून हात वर करते तेव्हा मी एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसते आणि ती स्वतःच अंगावर चढते. मग आम्ही दोघी तशाच बसून राहतो. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं त्या पायऱ्यांवर सुचलेलं आहे.

दुसऱ्या मुलाविषयी आपल्याकडे सध्या मोठमोठी माणसं बोलत आहेत. 2024 च्या ऑक्टोबरात चंद्राबाबू नायडू आणि स्टालिन यांनी दक्षिणेतल्या जोडप्यांना अधिक मुलांची आठवण करून दिली. डिसेंबरात नागपुरात मोहन भागवतांनी जननदरासाठी 2.1 हा आकडा सांगितला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 निघाला होता, तेव्हा काळजी अगदीच निराधार नाही. पण ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढून समाजाचे शिव्याशाप झेलले, ज्याच्या भिंतींवर पुढे कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले गेले आणि जिथे 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, तिथल्या बाईने आता कुणाचं ऐकायचं? राष्ट्राला हवा तो दशांश आमच्या दीड खोलीत कुठे झोपवायचा, हेही कुणी सांगत नाही. दुसरीकडे शाळेच्या फीचे तक्ते मांडून 'परवडतं का' विचारणारे आहेत. त्यांचा हिशेब बरोबर असतो. मात्र हिशेबाने मूल नको एवढंच ठरतं, हवं का ते ठरत नाही. या दोन्ही पक्षांशी माझं फारसं भांडण नाही.

भांडण आहे ते सोबतवाल्यांशी. कारण हे मत प्रेमळ आहे, सर्वपक्षीय आहे, आणि खुद्द माझ्या आईचं आहे.

त्याचं सर्वांत ढोबळ रूप असं: एकटं मूल हट्टी, आपमतलबी होतं. ही समजूत आपल्या आजीबाईंच्या शहाणपणातून आली असं आपण धरून चालतो. मला तर तिचं मूळ अमेरिकेतच जास्त दिसतं. तिथल्या स्टॅन्ली हॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या वर्तुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकुलतेपण हा जवळजवळ आजार ठरवला गेला. आपल्या आजीबाईंना एकुलती मुलं पाहायला मिळत तरी किती होती? टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट यांनी 1986 मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्वभावात आणि मिसळण्यात एकुलत्यांचं काही वावगं आढळलं नाही. शिवाय हट्टी, आपमतलबी माणसं मला भेटली आहेत ती बहुतेक तीन-चार भावंडांतली. पण हा काही पुरावा नव्हे, हे मान्य.

दुसरं रूप: खेळायला कुणीतरी हवं. हे आपण पावणेतीन वर्षांच्या मुलीला सांगतो ही सरळ फसवणूक आहे. "तुला खेळायला बाळ येणार" असं महिनोन्महिने ऐकलेल्या मुलीसमोर अखेर येतं ते काय? खेळता न येणारं, दिवसभर झोपणारं, रात्री रडणारं आणि आई अडवून बसणारं एक लालभडक गाठोडं. दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर ठेवा, एका प्रसूतीनंतर पुढच्या गरोदरपणाआधी किमान दोन वर्षं जाऊ द्या, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आईच्या शरीरासाठी योग्यच आहे. पण त्या अंतराचा अर्थ असाही होतो, की धाकटं चालायला लागेल तेव्हा थोरली शाळेच्या बसमध्ये असेल.

तिसरं रूप सर्वांत गंभीर, आणि त्याच्यापुढे मीही काही काळ गप्प होते: आपल्यामागे तिचं कोण? या प्रश्नातली कळकळ खोटी नाही. पण आजूबाजूला पाहावं. मुलुंड पूर्वेत जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत, म्हणून तर आम्ही भाड्याने राहतो. आमच्याच जुन्या इमारतीत मालक वारलेले दोन फ्लॅट होते, आणि दोन्हींच्या कागदांवर सह्या अडल्या त्या सख्ख्या भावंडांच्या. आईच्या आजारपणाची पाळीही वाटून घेतली जाते असं मी फार क्वचित पाहिलं. जो जवळ राहतो तो करतो, जो दूर असतो तो फोनवर सल्ले देतो. भावंडं असली की सोबत असते, हे विधान काही घरांत खरं आणि काही घरांत खोटं असतं. आपण मात्र ते हमीपत्रासारखं वाटत सुटतो.

आणि समजा ते सगळ्याच घरांत खरं ठरलं, तरी माझा मुख्य आक्षेप उरतोच. पहिली झाली तेव्हा ती कशासाठी, हे कुणी विचारलं नव्हतं. ती आली, एवढं पुरलं. दुसऱ्याला मात्र जन्माआधीच काम नेमून दिलं आहे. ते एकीची सोय म्हणून येतं आहे, जन्मतःच तिच्या सेवेत रुजू होतं आहे. उद्या त्याचं तिच्याशी पटलं नाही, तर भांडण एवढाच त्याचा गुन्हा राहणार नाही. ज्यासाठी आणलं तेच केलं नाही, असा ठपका त्याच्यावर बसेल. "तुला हिच्यासाठीच तर आणलं" हे वाक्य मी एका घरात खरोखर ऐकलं आहे. ऐकणारा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. (थोरल्या मुलाला पदच्युत राजा मानणारा मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर मला म्हणूनच फारसा पटत नाही. त्याची नजर गादी गेलेल्यावर आहे. कामाला लावलेल्याचं काय?)

हे सगळं मी तावातावाने बोलते तेव्हा माझा पाठचा भाऊ हसतो. त्याचं हसणं रास्त आहे. वडिलांच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकड्यावर अकरा रात्री आम्ही दोघंच होतो, आणि तो नसता तर माझं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. पण त्याआधीची वीसेक वर्षं आम्ही एकमेकांची सोबत नव्हतो. एका कपाटाचे दोन खण, एक टेबल, एक पंखा, आणि तो कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून रोजची लढाई. आमचं जे होतं त्याला मराठीत चांगला शब्द आहे: शेजार.

सोबत आपण निवडतो, किंवा निदान सोडू शकतो. शेजार आखून मिळतो. मुलुंड पश्चिमेत स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचे चौकोन क्राऊन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी 1922 मध्ये आखले. त्या चौकोनांत पुढे गुजराती, कच्छी, मराठी, दाक्षिणात्य अशी एकमेकांना न निवडलेली माणसं येऊन राहिली, एकमेकांच्या फोडणीच्या वासासकट. त्यांच्यात प्रेम असावं अशी कुणाची अट नव्हती. तरीही वागण्याची एक रीत तयार झाली आणि तिला आपण शेजारधर्म म्हणतो. 'सोबतधर्म' असा शब्द भाषेने घडवला नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. सोबत ही मनाची गोष्ट असल्यामुळे तिचा नियम करता येत नाही. शेजाराचा करता येतो: विचारून घ्या, घेतलेलं परत द्या, दुसऱ्याच्या झोपेच्या वेळी पाटा-वरवंटा काढू नका, आणि रात्री अपरात्री दार वाजलं तर उघडा.

भावंडांच्या बाबतीत आईबापांच्या हातात एवढंच आहे, असं मला वाटतं. "बाळावर प्रेम कर" असं लेकीला सांगणं मी थांबवलं आहे. ते माझ्या सांगण्याने होणार नाही, आणि झालं नाही तर तिला उगीच अपराधी वाटेल. बाळ झोपलं असेल तेव्हा डबा वाजवायचा नाही, आणि तुझी बाहुली बाळाला तुला न विचारता मिळणार नाही, हे दोन्ही सांगते. दुसऱ्या कलमावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

माझी मांडणी कोरडी आहे, असं आईचं म्हणणं. असेल. मात्र प्रसूतीच्या वेळी लेकीला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न आमच्या घरात निघाला तेव्हा तो सुटला पहिल्या मजल्यावर. आमची एक किल्ली आता आजींकडे असते. "मध्यरात्री का असेना, बेल मारा," त्या म्हणाल्या, आणि लेकीला खारी कुठल्या बेकरीची आवडते ते विचारून घेतलं. सोबत, सोबत म्हणून माझं डोकं उठवणाऱ्या याच त्या आजी.

मागच्या रविवारी कपाटातला खालचा खण रिकामा केला. "हा बाळाचा," एवढंच लेकीला सांगितलं. तिने काही न बोलता आपले दोन फ्रॉक उचलून वरच्या खणात कोंबले. मी तिथे दुपटी आणि झबली लावली. संध्याकाळी पाहते तर दुपट्यांवर तिची डाव्या पायाची चप्पल. काढून खाली ठेवली. सकाळी पुन्हा तिथेच. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी ती चप्पल साबणाने धुतली, खिडकीत वाळवली आणि खणात परत ठेवून दिली.