खूण कोणाच्या नावाला?

पुस्तकाचे नाव छापताना ते अवतरणचिन्हांत घालावे, ही आपल्या छापखान्यांची जुनी रीत. इंग्रजी छपाईत तेच नाव तिरप्या अक्षरांत येते. संगणकाच्या पडद्यावरील पानाला मात्र आणखी एक सोय आहे. ते पान ज्या सांकेतिक भाषेत लिहितात, तिचे नाव एचटीएमएल. तीत पुस्तक, नाटक, चित्रपट, गाणे यांच्या नावाभोवती ‘साइट’ नावाची खूण घालतात. खूण वाचकाला दिसत नाही. त्याला बहुधा तिरपी अक्षरे तेवढी दिसतात. पण ‘हे एका कृतीचे नाव आहे’ अशी नोंद लिहिणाराने तेथे करून ठेवलेली असते.

एवढ्याशा खुणेवरून जाणत्यांत मतभेद झाले. १९९५ च्या नियमांत ती पुस्तकाच्या नावासाठी किंवा तत्सम संदर्भासाठी होती. १९९९ च्या नियमांतील एका उदाहरणात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांचेच नाव तीत घातलेले आहे. पुढे नियम करणाऱ्या दोन संस्थांपैकी एकीने २०१४ साली कर्त्याचे नावही चालेल असे ठरविले. दुसरीला ते मान्य नव्हते. २०१९ साली हे काम त्या दुसरीकडे आले. आजचा नियम असा, की माणूस म्हणजे कृती नव्हे. त्याच्या नावाला ही खूण लावू नये.

आपल्या मनाला हे जरा कोरडे वाटते. ज्याने ग्रंथ लिहिला त्याला वगळून ग्रंथालाच मान का द्यावा? पण येथे प्रश्न मानाचा नाही, जबाबदारीचा आहे. ‘तुकाराममहाराज म्हणतात’ एवढे म्हटले, की ऐकणारा हात जोडतो आणि आपले बोलणे पटकन खरे ठरते. ‘गाथेत आहे’ म्हटले, की तो गाथा उघडून पाहू शकतो. पहिल्या बोलण्यात आपण थोराचे वजन उसने घेतो. दुसऱ्यात ऐकणाराच्या हाती ताजवा देतो. कोणीतरी रचलेली सुविचारांची वाक्ये थोरांच्या नावावर आज घरोघरच्या फोनवर फिरत असतात. त्यांच्याखाली माणसाचे नाव असते, ग्रंथाचे नसते. ते का नसते, हे उघड आहे.

मग ‘ज्ञानेश्वरी’चे काय? ग्रंथाचे नाव ‘भावार्थदीपिका’. लोकांनी त्याला कर्त्याचेच नाव दिले. परंतु येथे आपली भाषा किती सावध आहे पाहा. ज्ञानेश्वर हे माणसाचे नाव; त्याला एक ईकार जोडला आणि अठरा अध्यायांचा ग्रंथ झाला. हा ग्रंथ उघडता येतो, त्यातली ओवी दाखविता येते. लोकांच्या प्रेमाने नाव बदलले, पण माणूस आणि ग्रंथ यांतला भेद पुसला नाही.

या भेदाची चाड एकनाथांना होती. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. ज्ञानेश्वरांवर त्यांची भक्ती कमी होती म्हणून नव्हे. भक्ती होती म्हणूनच पाठाविषयी इतका काटेकोरपणा होता.

पानामागची खूण नीट घातली की नाही, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. तरी जो ती योग्य नावाभोवतीच घालतो, तो न भेटलेल्या वाचकाशी प्रामाणिक राहतो. दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती गप्पा रंगल्या आणि कोणी थोराचे वचन काढले, तर ‘कुठल्या पुस्तकात आहे हो?’ असे विचारायला संकोचू नये. त्या प्रश्नात अनादर नाही.