निरोपानंतरचे मखर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कलकत्त्यातील बागबाजारच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्यास जुन्या घरांच्या लोखंडी कठड्यांना नाताळात टांगलेले कागदी तारे अद्याप लोंबकळताना दिसतात. गंगेवरून येणाऱ्या धुक्याने त्यांचा रंग उतरलेला असतो, एखादे टोक दुमडून आत गेलेले असते. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानात, नोलेन गुळाच्या संदेशांनी भरलेल्या कपाटावर, प्लास्टिकचे सूचिपर्णी झाड कापसाचे बर्फ अंगावर वागवीत उभे असते. ही आरास ज्यांनी केली ते लोक बहुतांशी हिंदू असल्यामुळे ती करण्याचा उत्साह त्यांच्या ठिकाणी भरपूर असला, तरी ती उतरवण्याविषयी त्यांच्या घरी शास्त्रही नाही आणि दस्तूरही नाही. परिणामी तारा तसाच राहतो, आणि एखाद्या वर्षी सरस्वतीपूजेची मिरवणूक त्याच्याच खालून जाते.

हा प्रश्न केवळ आवराआवरीचा आहे, केरसुणी आणि शिडी हाती असली म्हणजे त्याचा फडशा पडतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते सहजासहजी पटणार नाही. गुढी सूर्यास्तापूर्वी गुळाचा नैवेद्य दाखवून उतरवलीच पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ती तशीच उभी दिसली तर शेजारीपाजारी त्या घरात काही अशुभ घडले की काय, अशी चौकशी करतील. गणपतीची मुदत दीड दिवसाची, पाच दिवसांची, गौरींबरोबरची की अनंत चतुर्दशीपर्यंतची, हे प्रत्येक घराच्या कुलाचाराने ठरलेले असते, आणि ती मनास येईल तशी वाढवण्याची मुभा यजमानासही नसते. आकाशदिवा कार्तिकभर चालतो, येथे बंगाल्यातही गच्चीवरच्या बांबूला तो तितकाच काळ टांगण्याची जुनी चाल होती. उलट दसऱ्याचे तोरण दारावरच वाळते, तपकिरी होते, त्याची पाने एकेक करून उंबऱ्यावर गळतात, आणि त्यात कोणासही अमंगळ वाटत नाही. तेव्हा आपल्याकडे नियम आहेत, परंतु ते एका मापाचे नाहीत. आणि त्यांच्यात भेद का आहे, हे आपण सहसा विचारीत नाही.

ह्याचे उत्तर शोधण्यास बागबाजारसारखी दुसरी जागा नाही. 1919 च्या सुमारास सुरू झालेली येथील सार्वजनीन दुर्गापूजा तिच्या एकचाला, म्हणजे एकाच चौकटीतल्या, प्रतिमेसाठी आणि शोल्याच्या व चांदीच्या वर्खाच्या शुभ्र डाकेर साजासाठी विख्यात आहे. नवमीपर्यंतच्या गर्दीविषयी मला काही सांगायचे नाही. मला महत्त्वाची वाटते ती दशमी. त्या सकाळी पुरोहित मंत्रपूर्वक दर्पण-विसर्जन करतो: पाण्याने भरलेल्या पात्रात आरसा ठेवून त्यातील देवीच्या प्रतिबिंबाचे विसर्जन होते, आणि शास्त्राच्या दृष्टीने त्या क्षणी देवी गेलेली असते. नंतर मंडपात जे उरते ते पेंढा, बांबू, गंगेची माती आणि रंग. परंतु खरी दाटी त्यानंतरच होते! सुवासिनी हातात पानाचा विडा, शेंदूर आणि मिठाई घेऊन रांगेने येतात. देवीच्या गालांवरून पान फिरवतात, तिच्या भांगात शेंदूर भरतात, तिच्या ओठांना संदेश लावतात, तिच्या कानाशी पुन्हा येण्याविषयी काही पुटपुटतात, आणि मग एकमेकींना शेंदूर माखतात. जी निघून गेली आहे तिची ही एवढी बरदास्त कशासाठी? तर्कशास्त्र्यास हा सरळ प्रमाद वाटेल. मला मात्र वाटते की, विधीने देवतेला मोकळे केल्यानंतर आणि माणसांनी मूर्तीला हात लावून ती उचलण्यापूर्वी जो प्रहर-दोन प्रहरांचा अवकाश पडतो, तो उत्सवाच्या रचनेत बुद्धिपुरस्सर ठेवलेला आहे. त्यात ईश्वराचे काही काम उरलेले नसते, सगळे काम माणसांचे असते. आपल्या घरच्या उत्तरपूजेतही अक्षता वाहून मूर्ती किंचित हलवली की शास्त्र संपते, पण हातावर दही ठेवणे आणि वाटेची शिदोरी देणे हे सोपस्कार त्याच सुमारास चाललेले असतात.

प्रतिमा घाटावर गेल्यानंतरही मंडप लगेच मोडत नाहीत. रिकाम्या वेदीवर दिवा तेवत ठेवतात; अनेक ठिकाणी त्याच छताखाली कोजागरीची लक्ष्मी बसते; आणि विजयेच्या भेटी, आलिंगने व नमस्कार कालीपूजेपर्यंत चालू शकतात. सोहळ्याची ही सावकाश ओसरणारी रीत पाहिली म्हणजे एका रात्रीत सारे उतरवून टाकणारी घाई किती दरिद्री असते, ते कळते.

निरोपावाचून मोडलेल्या पूजेचा एक दाखला आपल्या, म्हणजे मराठ्यांच्या, दफ्तरी आहे, आणि तो बंगालमध्येच घडलेला आहे. 1742 साली नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्कर राम कोल्हटकर ह्याने कटव्यानजीक दाँईहाट येथे मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ ह्या काव्यात तिची हकीकत आहे. परंतु पूजा पुरी होण्यापूर्वीच बंगालच्या नवाबाची, अलीवर्दीखानाची, फौज रातोरात नदी ओलांडून चालून आली आणि मराठ्यांना मंडप टाकून पळावे लागले. त्याच बारगीरांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला, त्याचा उत्तरेकडील आरंभ ह्याच बागबाजारात होता. खंदक केव्हाच बुजला, पण मराठा डिच लेन ह्या नावाची गल्ली अजून येथे आहे. ज्यांच्यासाठी तो खणला ते ह्या शहरावर कधी आलेच नाहीत. दाँईहाटच्या मंडपातील ती सामग्री पुढे कोणी आवरली असेल आणि कोणत्या भावनेने, हा विचार त्या गल्लीतून जाताना माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. विसर्जन न झालेली मूर्ती शत्रूच्या हाती पडली, म्हणजे ती त्याच्या लेखी माती झाली की देवीच राहिली?

आता नाताळाकडे वळू. येथे आपली विसर्जनाची कल्पना लावू गेले की ती लागत नाही, आणि का लागत नाही हेच ह्या प्रश्नाचे मर्म आहे. ख्रिस्ती सिद्धान्ताप्रमाणे जो अवतरला त्याला परत पाठवावयाचे नाही. तेथे आवाहन एकदाच झाले, आणि उत्तरपूजा नाही. मग गव्हाणीचा देखावा हलवायचा तो कोणत्या अधिकाराने? चर्चने ह्याचे उत्तर मोठ्या चातुर्याने दिले आहे: देखावा हलवायचा, कारण बाळ वाढते आहे. हिंदू मखर रिकामे होते ते देव स्वस्थानी गेला म्हणून. ख्रिस्ती गोठा रिकामा होतो तो बालक घराबाहेर पडले म्हणून. आरास उतरवण्याच्या ज्या निरनिराळ्या तारखा जगभर मानल्या जातात, त्या वस्तुतः त्या मुलाच्या वयाच्या खुणा आहेत. 6 जानेवारीस पूर्वेकडील ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या मागोमाग येऊन त्याला भेटतात. गोव्यात रेइश मागुश, कासावली आणि चांदोर येथे ह्या तीन राजांचे फेस्त त्याच दिवशी होते. नाताळाच्या बारा दिवसांची गणना खुद्द नाताळाचा दिवस धरून करावी की सोडून, ह्यावरून 5 की 6 असा वाद युरोपात आहे. तो कारकुनांवर सोपवावा. 1969 च्या सुधारणेनंतरच्या रोमन पंचांगात नाताळाचा काळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, म्हणजे दोन आठवड्यांत बालक तीस वर्षांचा पुरुष होऊन यार्देनेच्या पाण्यात उतरतो.

तिसरी तारीख 2 फेब्रुवारीची, आणि मराठी मनास ती सर्वांत जवळची वाटावी. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पुत्र झालेल्या स्त्रीने सात आणि तेहेतीस मिळून चाळीस दिवस पाळायचे, आणि मग मंदिरात जायचे. त्याप्रमाणे मरियेने बालकास यरुशलेमास नेले, आणि 25 डिसेंबरपासून मोजता तो दिवस 2 फेब्रुवारी येतो. आपल्याकडची बाळंतीण सव्वा महिना पुरा झाल्यावर देवदर्शनास निघते, तिच्याच जातीचा हा हिशेब आहे. गोठा इतके दिवस ठेवणाऱ्या जुन्या ख्रिस्ती घरास आळशी म्हणणाऱ्याने, बाळंतिणीची खोली बाराव्या दिवशी मोडण्यास आपली आजी तयार झाली असती का, ते आठवून पाहावे.

बागबाजारचा नाताळाशी संबंध उसना आहे असेही समजू नये. रामकृष्ण मिशनची स्थापना 1 मे 1897 रोजी येथल्याच बलराम बसूंच्या घरी झाली. ज्या घरी श्रीरामकृष्ण वारंवार येत, तेच हे घर. त्यांच्या दक्षिणेश्वरच्या खोलीतील चित्रांत, बुडणाऱ्या पेत्राला हात देणाऱ्या येशूचेही एक चित्र होते. 1886 च्या डिसेंबरात आंटपूर येथे नरेंद्रादी तरुण शिष्यांनी धुनीभोवती बसून, ख्रिस्ताच्या त्यागाचे स्मरण करीत संन्यासाचा निश्चय केला, आणि ती नाताळची पूर्वसंध्या होती हे त्यांना मागाहून कळले. तेव्हापासूनच्या स्मृतीने रामकृष्ण संघाच्या मठांतून त्या संध्याकाळी येशूची प्रतिमा फुलांनी सजवून तिच्यापुढे केक व फळे ठेवतात. ही फुले दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतात, हे कोणास सांगावे लागत नाही; पण दक्षिणेश्वरच्या भिंतीवरचे ते चित्र नाताळाचे नव्हते, बाराही महिन्यांचे होते. ज्याला मुदत लागते ती आरास, आणि मूर्तीला मुदत लागते ती केवळ आपण तिला आरास मानले तर, असा काहीसा भेद मला येथे दिसतो, जरी दशमीच्या सुवासिनी तो मोडून टाकतात.

तेव्हा कठड्यावरच्या ताऱ्याचे काय करावे? ज्या घरी केक खाण्यापुरताच नाताळ होता, त्या घराने तो 26 तारखेस उतरवला तरी त्यास कोणी बोल लावू नये. परंतु ज्याने अर्थ जाणून तारा टांगला, त्याने 6 जानेवारीपर्यंत थांबणे अगत्याचे आहे, कारण त्या ताऱ्याचे काम प्रवाशांना वाट दाखवण्याचे आहे, आणि 2 तारखेस तो काढून घेणे म्हणजे त्यांना वाळवंटात सोडून देणे होय. त्या दिवशी ते पोहोचले की ताऱ्याची तैनात संपली; त्यापुढे तो ठेवण्यास आधार नाही, आणि बागबाजारचे बहुतेक तारे ह्या कलमाखाली दोषी ठरतात. गोठ्यास मी आणखी सत्तावीस दिवस देईन. एक अडचण मात्र राहते: ह्याच शहरात बडाबाजारालगत 1724 साली बांधलेले आर्मेनियन लोकांचे चर्च आहे, आणि त्या मंडळींच्या पंचांगात ख्रिस्ताचा जन्म व बाप्तिस्मा हे दोन्ही 6 जानेवारीसच येतात; इतरांनी शिडी काढावी त्या दिवशी त्यांचा सण उगवतो, आणि माझा निर्णय त्यांना लागू करण्याचा अधिकार मला नाही.