विसावा आणि चार्जिंग

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेत १९८९ साली बोर्ग नावाची एक जमात प्रथम दिसली. बोर्ग म्हणजे अर्धा माणूस, अर्धे यंत्र. त्याला नाव नाही, नंबर आहे. स्वतःचे मन नाही, सर्वांचे मिळून एकच मन आहे. त्यांच्या जहाजात खाट नाही. भिंतीत ओळीने कोनाडे आहेत. काम झाले की बोर्गाने आपल्या कोनाड्यात उभे राहावयाचे, यंत्राने त्याच्यात शक्ती भरावयाची आणि ती भरली की त्याने पुन्हा कामास लागावयाचे.

या कल्पित कोनाड्याशी आपल्या मंडळीचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण आपण विसाव्याविषयी बोलतो ते हल्ली याच भाषेत. “रविवारी जरा चार्ज झालो,” असे आपण सहज म्हणतो. संडे स्कूलमध्येही आपण शिकवितो की, एक दिवस विसावा घेतला म्हणजे पुढचे सहा दिवस काम चांगले होते. हे खोटे नाही. परंतु एवढेच शिकविले तर आपण मुलांना कोनाडाच शिकविला.

उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण झाला. म्हणजे त्याचा पहिला पुरा दिवस सातवा. तोवर त्याने शेतातले एक ढेकूळही फोडले नव्हते. थकवा नसतानाच त्याला विसावा मिळाला, तेव्हा तो झीज भरून काढण्यासाठी होता असे कसे म्हणावे?

फारोचा हिशेब निराळा होता. इस्राएल लोकांनी उपासनेसाठी तीन दिवसांची वाट मागितली, तर त्याने त्यांना आळशी ठरविले, पेंढा देणे बंद केले आणि विटांचा आकडा मात्र तोच ठेवला. गुलामांना तोही झोपू देतच असेल. नाही तर दुसऱ्या दिवशी विटा पाडणार कोण? अशी झोप धन्याच्या हिशेबातली असते. मुंबईच्या गिरण्यांतही हाच हिशेब होता. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागितली. अर्जावर पाच हजारांवर सह्या झाल्या. मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. मधल्या सहा वर्षांत कामगार रात्री झोपत नव्हते काय? झोपत होते. त्यांना हवा होता तो गिरणीचा नसलेला दिवस.

गंमत अशी की, मालिका लिहिणाऱ्यांनाही नुसता कोनाडा पुरला नाही. २००० सालच्या एका कथेत त्यांनी दाखविले की, दहा लाखांत एखादा बोर्ग कोनाड्यात उभा असता मनाने एका रानात जातो. तेथे त्याला स्वतःचे नाव असते, मित्र असतात. जागा होताच तो सारे विसरतो. आम्हांला साऱ्या कथेत हाच भाग खरा वाटतो.

अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील आज्ञेत दासदासींबरोबर बैल आणि गाढवही आहेत, आणि कारण दिले आहे ते मिसरातील गुलामगिरीचे. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत; आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकून हळद-लोणी चोळतात. उद्याच्या नांगरटीसाठी त्याला तयार केले, असे कोणी म्हणत नाही. तो दिवस बैलाचा.

मग वेचणाऱ्या बाईचा दिवस कोणता? आदिलाबाद जिल्ह्यात बाजारहत्नूरच्या बाजूला कापूस फुटला की मजुरी किलोवर ठरते. रविवारी ती उपासनेस आली तर तेवढे किलो गेले, आणि कापूस तर थांबत नाही. तिला चौथी आज्ञा ऐकविणे सोपे आहे. पण ती आज्ञा बारकाईने वाचावी. तिचा रोख दासीकडे नाही. जिच्या घरी दासी आहे, ज्याच्या गोठ्यात बैल आहे, त्याच्याकडे आहे. शेत आपल्यापैकीच कोणाचे असेल, तर वेचणीच्या दिवसांत सहा दिवसांच्या वजनावर सातव्या दिवसाचा रोज धरावा की नाही, हा प्रश्न मंडळीच्या सभेत निघावयास हवा. आणि ती बाई उपासनेस येत नाही अशी तक्रार करण्याआधी तो निघावा.