ओट्यावरचा दिवा : दुरुस्ती की बदल?

बिघडलेली वस्तू दुरुस्त करावी की टाकून देऊन नवी आणावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ खर्चाचा वाटतो. परंतु त्यात कर्तव्याचाही प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. त्याच्या विचारासाठी फार मोठे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कपाटाच्या खालच्या अंगास, ओट्यावर उजेड पडावा म्हणून जो लहानसा दिवा बसवितात, तो या विचारास पुरेसा आहे.

हा दिवा चैनीचा नव्हे. स्वयंपाकघरातील मुख्य दिवा छतास किंवा मागच्या भिंतीवर असतो. ओट्याशी उभे राहणाराची पाठ त्याकडे असते, आणि मग स्वतःचीच सावली ताटातल्या तांदळावर, सुरीवर नि उकळत्या पातेल्यावर पडते. तांदळातला खडा, डाळीतली कीड, सुरीच्या धारेजवळचे बोट हे सारे स्पष्ट दिसावे, एवढ्यासाठीच हा दिवा असतो.

तो विझला म्हणजे घरात दोन पक्ष होतात. एक म्हणतो, ‘टाकून द्या, नवा आणा.’ दुसरा म्हणतो, ‘सवडीने दुरुस्त करू.’ दोहोंचाही विचार करू.

पूर्वी कंदिलाची वात संपली तर वात बदलीत, काच तडकली तर काच बदलीत; तेवढ्यासाठी कंदील कोणी उकिरड्यावर टाकीत नसे. भांड्याची कल्हई गेली तर पुन्हा कल्हई करून घेत. ट्यूबचा दिवाही त्याच जातीचा. तो लुकलुकू लागला तर पुष्कळदा दोष स्टार्टरचा असतो. दोन्ही टोके काळी पडली असतील तर ट्यूबचे आयुष्य सरले असे समजावे. आजच्या एलईडी पट्टीचेही तसेच आहे. घरातील वीज २३० व्होल्टची, आणि अशी पट्टी बहुधा १२ व्होल्टवर चालणारी. हा बदल करणाऱ्या लहानशा पेटीस ड्रायव्हर म्हणतात. सबंध पट्टी एकदम विझली तर अनेकदा ही पेटीच गेलेली असते, कारण तिच्यातील कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात. पट्टीवरचे दिवे शाबूतच असतात. सलग तीनच दिवे विझले असतील तर दोष तेवढ्याच तुकड्यात आहे, कारण १२ व्होल्टच्या पट्टीत बहुधा तीन-तीन दिवे एका माळेत जोडलेले असतात. एका जागेपासून पुढचा सारा भाग अंधारला असेल, तर त्या जागचा सांधा सुटला असण्याचा संभव अधिक. अशा वेळी सगळाच दिवा फेकणे म्हणजे वातीसाठी कंदील फेकणे होय.

अर्थात काही दिवे असे घडविलेले असतात की ते उघडताच येत नाहीत. वस्तू टिकू नये यात विकणाराचा लाभ असतो, हे जुनेच सत्य आहे. मोठमोठ्या दिवे-कारखानदारांनी १९२४ साली जिनिव्हा येथे करार करून विजेच्या दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणण्याचे ठरविले होते, हे इतिहासात नमूद आहे.

येथवर वाचून दुरुस्तीचा पक्ष संतुष्ट होईल. परंतु त्याच्याही पदरी एक दोष आहे, आणि तो लहान नाही. ‘सवडीने’ म्हणता म्हणता महिने लोटतात. बैठकीच्या खोलीतील दिवा गेला तर त्याच सायंकाळी वायरमनला बोलावणे जाते, कारण तेथे चार माणसे येतात. ओट्यावरचा दिवा मात्र तसाच राहतो. तेथे उभी राहणारी आई किंवा सून तक्रार करीत नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे तिला अडचण नाही, असे घरातील माणसे धरून चालतात. वस्तुतः वय वाढते तसा डोळ्यांस त्याच कामासाठी पुष्कळ अधिक उजेड लागतो. पैसा आपण वाचवावा आणि त्याचे मोल दुसऱ्याच्या डोळ्यांनी भरावे, यास काटकसर हे नाव शोभत नाही.

फेकणाऱ्या पक्षाचाही हिशेब असाच कोणाच्या तरी माथी पडतो. ट्यूबमध्ये पारा असतो. ती कचऱ्यात फुटली तर तो पारा कचरा उचलणाऱ्या माणसाच्या श्वासात जातो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून पाऱ्याचे दिवे त्यांच्या कक्षेत येतात. परंतु नियम कागदावर राहतो. ट्यूब कोठे ठेवायची हे आपला हात ठरवितो.

म्हणून दुरुस्ती की बदल, या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न विचारावा, असे आमचे मत आहे : आपण जे ठरवीत आहोत त्याची किंमत, ज्याला आपण विचारलेलेच नाही असा कोणी भरीत आहे काय?

हा प्रश्न विचारला की पुढचा क्रम आपोआप लागतो. ज्या दिवशी दिवा विझला त्याच दिवशी ओट्यावर दुसऱ्या कोणत्या तरी दिव्याची तात्पुरती सोय करावी. मग मेन स्विच बंद करून, जाणत्या वायरमनकडून नेमका कोणता भाग गेला ते पाहून तेवढाच बदलावा. संपूर्ण दिवा बदलणे भागच पडले, तर ज्याची पट्टी व ड्रायव्हर वेगवेगळे बदलता येतील असाच घ्यावा. जुनी ट्यूब न फोडता, कागदात गुंडाळून, ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी. आणि यांपैकी कशासही ज्याला घाई वाटत नसेल, त्याने एक सायंकाळ स्वतः ओट्याशी उभे राहून, आपल्याच सावलीत, चार माणसांपुरते तांदूळ निवडून पाहावेत.